पगार आणि भट्टी
(महोत्सव समारंभात केलेले भाषण)



नोकरी सांभाळून चिनी मातीच्या भांड्यांचा उद्योग कसा उभा केला, हे सांगण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. ‘उभा केला’ हे शब्द चिटणीसांचे. आमच्या मते तो अजून रांगतो आहे. परंतु भट्टीसाठी पहिली बिनव्याजी रक्कम याच संस्थेने दिली, तेव्हा हिशेब देणे आम्हांस प्राप्त आहे.

आपले तिरोडी मँगनीजचे गाव. येथील एका खनिजास १९३८ साली गावावरून ‘तिरोडाइट’ असे नाव मिळाले होते. पुढे शास्त्रज्ञांनी नामावळी बदलली आणि ते मागे पडले. झिलईत मँगनीज घातले की तपकिरी, जांभळट रंग येतो, असे वाचले तेव्हा आम्हांस वाटले, रंग तर दारातच पडला आहे! पण खाणीतला दगड आपल्या मालकीचा नव्हे. शिवाय या धातूची धूळ आणि भट्टीतला धूर फार दिवस श्वासावाटे गेला तर मज्जासंस्था बिघडते. ग्लासगोच्या जॉन कूपर या वैद्याने हे खनिज दळणाऱ्या कामगारांत ही व्याधी १८३७ सालीच नोंदली होती. म्हणून आम्ही मँगनीज पुडीतून विकत आणतो, तोंडाला पट्टी बांधून कालवतो, आणि भांड्याच्या फक्त बाहेरच्या अंगास लावतो. आत बिनशिशाची साधी पांढरी झिलई. भट्टी घराबाहेरच्या पडवीत. तिरोडीच्या माणसाने मँगनीज विकत आणावे, याची थट्टा पुष्कळ झाली. ती होऊ दिली.

चंद्रपूरकडे भद्रावतीस कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभारकामास नवे वळण दिले, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक असेल. तेथील मंडळींचा तो पूर्ण वेळचा व्यवसाय. आमच्या पदरी संध्याकाळ आणि रविवार. कचेरीची लेखी परवानगी मात्र आम्ही चाक घेण्याच्या आधीच मागून घेतली, आणि नोकरीत असलेल्या प्रत्येकाने तसेच करावे.

माती कुणाच्या हजेरीपुस्तकाप्रमाणे वाळत नाही. रविवारी चाकावर केलेला पेला सोमवारी संध्याकाळी तासण्याजोगा घट्ट असावा लागतो. उन्हाळ्यात तो दुपारीच कडक होतो. म्हणून ओले फडके आणि वर प्लॅस्टिक. हे काम दिवसभर सौ. पाहतात, तेव्हा या भाषणातले ‘आम्ही’ उभयतांचे समजावे. भट्टी शनिवारी रात्री लावायची ती सोमवारी संध्याकाळी उघडायची. एकदा मागणी निकडीची होती. रविवारी रात्रीच, आत दोनशे अंशांवर उष्णता असताना, आम्ही झाकण उचलले. थंड हवा आत गेली आणि टणटण आवाज सुरू झाले. एकेक पेला आमच्यादेखत तडकत होता. आता शंभराच्या खाली आल्याशिवाय झाकणास कोणी हात लावत नाही.

त्याहून मोठा तडा हिशेबात होता. भट्टीत साठ पेले लावावेत, त्यांतले अठ्ठेचाळीस विकण्याजोगे निघावेत. माती, झिलई व वीज मिळून पेल्यास ४० रुपये, म्हणजे २,४०० खर्च. विक्री ८० रुपयांस, म्हणजे ३,८४०. आम्ही खूष! पण शहरातला दुकानदार एक तृतीयांश ठेवून घेई, तेव्हा हाती २,५६०. उरले १६० रुपये. चाक, तासणे, कान लावणे, झिलई धरून पेल्यामागे अर्धा तास, म्हणजे साठांस तीस तास. तासाला साडेपाच रुपयेही नाहीत! दरमहा पगार येत असल्यामुळे ही गोष्ट वर्षभर आमच्या ध्यानातच आली नाही. पगाराने घर चालवले, तसे आमचे अज्ञानही चालवले.

मग जिनसा अकरांवरून चारांवर आणल्या, दर १५० केला आणि शक्य तितका माल स्वतः विकू लागलो. काही गिऱ्हाइके गेली. तो वाईटपणा आम्ही घेतला.

एका दिवाळीत मागणी इतकी आली की आम्ही राजीनामा लिहून काढला. सौ. म्हणाल्या, “पावसाळ्याचे चार महिने काय विकणार, तेवढे आधी मांडा.” मांडले. आकडा बोलका होता. त्या कागदाची मागची बाजू कोरी असल्यामुळे तिच्यावर आता तपकिरी झिलईचे प्रमाण लिहिलेले आहे.

आपल्या संस्थेच्या कर्जाचे दोन हप्ते शिल्लक आहेत. त्यांपैकी एक आजच कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. पलीकडे मेजावर वीस पेले मांडले आहेत. त्यांत तीन किंचित वाकडे आहेत, ते ओळखून बाजूला ठेवावेत.