शाळेचा कारभार आणि पीएच.डी.चा अर्ज



हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत आपल्या घरांतून शिक्षक निघाले आहेत. मुलगा किंवा सून एम.एड. झाली की आपण धन्यता मानतो आणि तेथेच थांबतो. या थांबण्याविषयी मला आज बोलावयाचे आहे. शिकविणे ही एक गोष्ट आणि शाळा कशी चालावी हे ठरविणे ही दुसरी गोष्ट होय. कमी पटाची शाळा ठेवावी की बंद करावी, मुख्याध्यापकाने कोणास विचारून चालावे, पैसा कशावर खर्चावा, हे ज्या अहवालांवरून ठरते ते लिहिणाऱ्यांत आपली माणसे किती आहेत? शैक्षणिक नेतृत्व व प्रशासन या विषयात पीएच.डी. करावयाची ती यासाठी. नावाआधी ‘डॉक्टर’ लागते, हा त्यातला गौण भाग.

आपल्या जिल्ह्यास जवळचे म्हणजे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. ते १९९४ साली स्थापन झाले आणि हिंगोली त्याच्याच कक्षेत येते. शाळांचे नियोजन व प्रशासन याच विषयास वाहिलेली राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था दिल्लीत आहे. ज्यास घर सोडणे शक्य आहे त्याने तेथेही अर्ज करावा.

अर्जात सर्वांत कठीण काय, तर संशोधनाचा प्रश्न. पुष्कळ मुले कोणा जुन्या प्रबंधाचे शीर्षक घेतात, तालुक्याचे नाव तेवढे बदलतात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात. काही तर प्रबंध विकत मिळतो काय, याची चौकशी करतात! अशांना एवढेच सांगतो की प्रबंधाची आता वाङ्मयचौर्यासाठी तपासणी होते आणि पदवी मिळाल्यानंतरही चोरी उघडकीस येते.

प्रश्न आपल्या गावच्या शाळेतच पडलेला असतो. एक उदाहरण घ्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. कागदावर ही समिती असते. परंतु आपल्या वस्तीतील बाई त्या सभेला बोलावली जाते काय? बोलावली तर ती बोलते काय, की इतिवृत्तावर अंगठा उमटवून परत येते? दहा गावांच्या समित्यांची इतिवृत्ते वाचावीत, त्या बायांना भेटावे, मुख्याध्यापकांचे म्हणणेही प्रामाणिकपणे टिपावे. हा पीएच.डी.चा विषय आहे, आणि तो मांडण्यास त्या वस्तीत वाढलेला माणूस अधिक लायक आहे. ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची मुले परतल्यावर मुख्याध्यापक काय करतो, हा असाच दुसरा विषय.

आता नियम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींस ५ टक्क्यांची सवलत आहे. विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत निम्मे प्रश्न संशोधनपद्धतीवर व निम्मे विषयावर असतात. मार्गदर्शकाकडे जागा असावी लागते. सहायक प्राध्यापकास चार, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि प्राध्यापकास आठ विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. म्हणून जाहिरात निघण्यापूर्वीच कोणाकडे जागा रिकामी आहे ते विचारून ठेवावे. नोकरी करून अंशकालीन पीएच.डी. करता येते, मात्र जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने वरिष्ठांचे ना हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे. त्यात अभ्यासास वेळ मिळेल आणि अभ्यासक्रमासाठी गरज पडल्यास कार्यमुक्त करू, असे नमूद असावे लागते. हा कागद शेवटच्या आठवड्यात मिळत नसतो.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी जातीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्यावे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. १९५६ पासून मोजल्यास ३४ वर्षांनी. परंतु दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ लिहून भागत नाही, मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख लागतो. ज्या नावाचा त्याग केला तेच पुन्हा लिहावे लागते, याचे वाईट वाटते हे मी जाणतो. तथापि सवलत त्या जातीमुळे झालेल्या अन्यायाची आहे, आणि ती सोडून देणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे होय. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, असे असेल तर आजच दुरुस्त करून घ्या. नोंदणीनंतर पुण्याच्या बार्टीची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे, तिचीही जाहिरात पाहत राहावी.

वेळ लागतो, म्हणून घरचे लोक कंटाळतात. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियास गेले; शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले; त्या विद्यापीठाची पीएच.डी. त्यांच्या हाती १९२७ मध्ये पडली. तेव्हा सुनेस चार वर्षे लागली तर सासूने नाक मुरडू नये. नियमाने सहा वर्षांची मुदत आहे, पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात आणि स्त्रियांना त्याहूनही दोन अधिक. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ही रजा तिला विद्यापीठ देईल. संध्याकाळचे दोन तास मात्र घरानेच द्यावयाचे आहेत.