न्यायालयाचा खर्च कोणी उचलायचा?



मी सॉफ्टवेअरवाला, वकील नाही. पण कुठलीही यंत्रणा पाहिली की मी आधी विचारतो, ही कुणाच्या पैशावर चालते? आज हाच प्रश्न मानवी हक्क न्यायालयाबद्दल विचारतोय.

कंबोडियात ख्मेर रूज राजवटीच्या गुन्ह्यांसाठी खास न्यायालय उभे राहिले. ते मुख्यतः जपानसारख्या देणगीदार देशांच्या ऐच्छिक मदतीवर चाले. मार्च 2013 मध्ये पगार थकले, अनुवादकांनी काम थांबवले आणि सुनावणी अडली. त्याच महिन्यात इएंग सारी हा प्रमुख आरोपी निकालाआधीच मरण पावला. पुढे 2018 मध्ये याच न्यायालयाने चाम मुसलमानांच्या वंशसंहाराबद्दल नुऑन चिआला दोषी ठरवले. म्हणजे देणगीतून न्याय मिळाला, पण तो देणाऱ्याच्या सवडीने.

आता सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयाकडे या. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचे कलम 30 सांगते की, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात एक सत्र न्यायालय मानवी हक्क न्यायालय म्हणून ठरवू शकते. कलम 31 त्यासाठी विशेष सरकारी वकील देते. पण पैशाची कलमे, 32 आणि 33, वाचा. अनुदान आयोगांना आहे. या न्यायालयांचा तिथे उल्लेखही नाही.

कुणी म्हणेल, मग परदेशातून निधी आणू. मी नको म्हणेन. अशा खटल्यात समोर अनेकदा पोलीस किंवा सरकारी अधिकारी असतो. ‘परदेशी पैशाचे कोर्ट’ एवढे तीन शब्द उच्चारले की निकालाची किंमत संपते. न्यायाधीशाचा पगार आपल्या करातूनच झाला पाहिजे.

वर्गणीची जागा वेगळी आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात 2006 च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुण आरोपी झाले. जमियत उलेमाने त्यांना कायदेशीर मदत दिली. जामीन मिळायला पाच वर्षे लागली, दोषमुक्ती 2016 मध्ये झाली. तोवर नऊपैकी एक जण हयात नव्हता. वर्गणी अशा माणसाच्या वकिलासाठी द्या. न्यायालयासाठी मात्र सरकारकडे हक्काने मागा.

सुरुवात सोपी आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करा: नाशिकच्या मानवी हक्क न्यायालयात किती खटले आले? विशेष सरकारी वकील नेमला आहे का? त्याच्या मानधनाची तरतूद किती?

अर्जाला 10 रुपये लागतात. तेवढी देणगी आपण देऊ शकतो.