पाणी तर शुद्ध होतं ना?

आमच्या घरी माशांची टाकी आली ती मुलीच्या हट्टापायी. दीड फुटी काचेची टाकी, आठ गप्पी मासे आणि सोसायटीचं बोअरचं पाणी. दोन महिने सगळं छान चाललं. मग माझ्या मनात आलं, आपण आरओचं पाणी पितो, माशांनी मात्र बोअरच्या पाण्यात का राहावं? एका रविवारी मी टाकी रिकामी केली, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा चोळून धुतला आणि कॅनमध्ये साठवलेलं आरओचं पाणी टाकीत ओतलं. दोन दिवसांत पाच मासे मेले. मुलीनं विचारलं, "बाबा, पाणी तर शुद्ध होतं ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जे कळलं, तेच आज सांगतो.

गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. त्यामुळे पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत असतं. मासा ते बाहेर टाकतो आणि क्षार धरून ठेवतो. भोवतालचे क्षार अचानक नाहीसे झाले की हे काम त्याला झेपत नाही. शिवाय पाण्याचा सामू स्थिर ठेवणारे बायकार्बोनेटही आरओमध्ये बहुतांशी निघून जातात. स्पंज धुताना तर मी आणखी एक चूक केली. माशांनी टाकलेल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजात असतात. तेच मी मोरीत सोडून दिले!

आता मी आधी मोजतो. टीडीएस मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते कोणते, हे सांगत नाही. आमच्या बोअरचा आकडा ६०० येतो, आरओचा ४०. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं की साधारण ३२०. गप्पींना थोडं जड पाणीच मानवतं, त्यामुळे एवढं पुरतं. थेंबांच्या चाचणी संचानं सामू, जडपणा, अमोनिया आणि नायट्राइट तपासतो. शेवटचे दोन शून्यच हवेत.

तुमच्याकडे नगरपालिकेचं पाणी असेल, तर त्यातलं क्लोरीन घालवायला हवं. बादली दिवसभर उघडी ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब प्रमाणात घाला. पाणी एकदम सगळं बदलू नका. आठवड्याला पाव टाकी पुरे. नव्या पाण्याचं तापमान टाकीइतकंच असू द्या. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळा. आणि उन्हाळ्यात पाणी आटलं, तर तेवढी भर मात्र आरओच्या पाण्याची घाला. वाफ उडते, क्षार मागेच राहतात; त्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतलं, तर ते वाढतच जातात.

उरलेल्या तीन माशांचा आता मोठा परिवार झाला आहे. टाकीशेजारी मुलीची वही असते. दर रविवारी ती त्यात आकडे लिहिते. मी बादली उचलली, की अजूनही आधी विचारते, "बाबा, मोजलंस का?"