कंपूचा तोफखाना आणि नावे हरवलेले गोलंदाज



मी आयुष्यभर भाषा शिकविली. त्यामुळे इतिहासाच्या दारीही मी शब्दाचेच बोट धरून जाणार आहे. आपल्या ग्वाल्हेरात ‘कंपू’ नावाची वस्ती आहे. आजच्या मराठीत कंपू म्हणजे टोळके, तेही काहीशा तुच्छतेने म्हटलेले. परंतु दोनशे वर्षांपूर्वी हाच शब्द कानी पडताच उत्तर हिंदुस्थानातील दरबार सावध होत. पोर्तुगीजांकडून आलेला हा शब्द मूळचा छावणीवाचक. शिंदेशाहीत मात्र त्याचा अर्थ झाला पलटणी, स्वार आणि तोफा मिळून सिद्ध झालेली स्वतंत्र फौज. आजच्या परिभाषेत जवळजवळ एक डिव्हिजन. त्या कंपूच्या मैदानी तोफखान्याची कथा मी आज सांगणार आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारदी याच्या तोफांचे सामर्थ्य महादजींनी डोळ्यांनी पाहिले होते. कवायती पायदळ आणि तोफा यांची जोड स्वारांशी नीट न जुळल्यास काय होते, हेही त्यांनी पाहिले. पायाचे अधूपण आणि हा धडा, दोन्ही त्यांना जन्मभर पुरले. १७८४ मध्ये त्यांनी सॅव्हॉय प्रांतातील बन्वा द बॉइन या सेनानीला चाकरीत घेतले. प्रारंभी केवळ दोन पलटणी होत्या. पुढे त्यांतूनच कंपू उभे राहिले. आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. या तोफांचे वैशिष्ट्य केवळ आकारात नव्हते. त्या पलटणींबरोबर चालत आणि पायदळाच्या रांगेतून मारा करीत. जून १७९० मध्ये पाटण आणि सप्टेंबरात मेडता येथे राजपूत स्वारांचे वेगवान हल्ले या शिस्तीपुढे थोपले.

परंतु इतिहास सांगताना सोयीचे तेवढेच सांगू नये. १ जून १७९३ रोजी लाखेरीस याच तोफा होळकरांच्या फौजेवर धडाडल्या. दोन्ही बाजूंना मराठी निशाणे होती. त्या विजयाचा आनंद मानावा, असे मला आजही वाटत नाही.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी वानवडीस निवर्तले. पुढे द बॉइन स्वदेशी परतला आणि सूत्रे पेराँकडे आली. १८०३ मध्ये युद्ध पेटताच कंपनी सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील अधिकाऱ्यांना फोडण्यास आरंभ केला. पेराँ स्वतःच इंग्रजांच्या आश्रयास गेला. ज्यांच्या हाती कवायतीची किल्ली होती, त्यांतील अनेक जण दार उघडे टाकून निघून गेले. गोलंदाज मात्र गेले नाहीत.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईस वेलस्लीने अनपेक्षित दिशेने नदी ओलांडली, तेव्हा पोलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याने सारी फळी वळवून तिचे तोंड नव्या दिशेस केले. तोफांसह असे वळणे हे शिकविलेल्या फौजेचेच काम. तिच्या माऱ्याने कंपनीच्या तोफा ओढणारे बैल कोसळले आणि त्या तोफा मागेच अडकून राहिल्या. शत्रूची पलटण अंगावरून पुढे गेली, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले अथवा जखमी झाले. पुढे वॉटर्लू जिंकणाऱ्या वेलस्लीने उतारवयातही असईलाच आपली सर्वोत्तम कामगिरी मानले. १ नोव्हेंबरला लासवारीस तर बहुतेक युरोपीय अधिकारी नव्हतेच. तेथेही संगिनीने मारले जाईपर्यंत गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, अशी साक्ष खुद्द प्रतिपक्षाचा सेनापती लेक याने दिली आहे.

२९ डिसेंबर १८४३ रोजी आपल्याच परिसरातील महाराजपूर आणि पनियार येथे ग्वाल्हेरच्या तोफखान्याने पुन्हा तसाच झुंजार प्रतिकार केला. तोपर्यंत महादजींना जाऊन अर्धशतक होत आले होते. तेव्हा ही निष्ठा केवळ एका धन्यावरची नव्हती. ती आपल्या तोफेवरची, आपल्या कामावरची होती.

मित्रहो, मला बोचते ते एवढेच. द बॉइन, पेराँ, पोलमन यांची नावे आपण जाणतो. तोफेशेजारी मेलेल्या एकाही माणसाचे नाव आपण सांगू शकत नाही. भाषेनेही त्यांना विचित्र न्याय दिला. ‘गोलंदाज’ आता क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो आणि ‘कंपू’ राजकारणात कुजबुजतो.

आपल्यापैकी अनेकांची घराणी फौजेबरोबरच या मुलखात आली. घरातील जुन्या रुमालांत मोडी कागद असतील. मोडी वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत घालू नका, वाचणाऱ्यास दाखवा. एखाद्या हजेरीपटात, एखाद्या पगाराच्या यादीत एक जरी गोलंदाज नावानिशी सापडला, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते रोज सकाळी हजेरी घेताना प्रत्येकाचे नाव उच्चारीत असत. दोनशे वर्षे राहून गेलेली ही हजेरी आपण घ्यावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.