हाताचा कंप आणि डॉक्टरांचे प्रश्न

हातास नवा कंप सुटला कीं ‘वार्धक्य आलें’ म्हणून घरचीं माणसें स्वस्थ बसतात. डॉक्टर मात्र कंप केव्हां होतो तें प्रथम पाहतात. मांडीवर विसावलेला हात कापत असेल व लिहितांना अक्षर बारीक होत जात असेल, तर १८१७ सालीं जेम्स पार्किन्सननें वर्णिलेल्या कंपवाताची शंका येते. पेला ओठांशीं नेतांनाच कापणारा हात अनेकदां आनुवंशिक असतो. मग चालू औषधें, मद्य, थायरॉइड ग्रंथि यांची चौकशी होते.

आर्णीसारख्या कापसाच्या मुलखांत आणखी एक प्रश्न अवश्य हवा: फवारणी केली होती काय? २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें सुमारे २० शेतकरी-शेतमजूर दगावले. कंपासवें घाम व लाळ सुटून डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यास, भिजलेले कपडे उतरवून तत्काळ रुग्णालय गांठावें.