पावलातील जादा हाड आणि मोडलेले हाड

(सुरत शहरातील उधना येथे मराठी भाषक कामगार व आरोग्य कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून जळगावकडे लोहमार्ग जातो. त्याच मार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे येथे आली व यंत्रमागाच्या आधाराने स्थिरावली. मागावरील काम मुख्यतः उभ्याने करावयाचे असते. हा सारा भार जे सोसते त्या पावलाविषयी, व विशेषतः त्यातील एका फसव्या गोष्टीविषयी, आज मी चार शब्द सांगणार आहे.

पावलात २६ हाडे असतात असे आपण शाळेत शिकतो. घोट्याकडील ७, मधली ५ आणि बोटांतील १४ असा तो हिशेब आहे. अंगठ्याच्या मुळाखाली स्नायूच्या कंडरेत आणखी दोन बारीक हाडे असतात, ती या गणतीत धरीत नाहीत. हा हिशेब चुकीचा नव्हे. परंतु प्रत्येक पाऊल त्याबरहुकूम घडलेले असतेच असे नाही. करंगळीचेच पाहा. तिच्यात तीन हाडे असावयाची, पण पुष्कळांच्या करंगळीत दोनच आढळतात. जपानी लोकांत तर बहुसंख्यांच्या पायात दोनच असतात.

असे का व्हावे? हाड एकदम अखंड तयार होत नाही. प्रथम मऊ कूर्चा असते, तिच्यात ठिकठिकाणी अस्थिकेंद्रे उमटतात व पुढे ती एकमेकांस जुळतात. घोट्याच्या हाडामागील असे एक केंद्र साधारणतः ८ ते १३ या वयात दिसू लागते व बहुधा वर्षभरात मुख्य हाडास मिळते. काहींच्या बाबतीत ते मिळत नाही आणि एक लहान त्रिकोणी हाड जन्मभर वेगळेच राहते. पावलाच्या आतल्या बाजूस नौकेच्या आकाराचे जे हाड आहे, त्याच्या शेजारीही असे जादा हाड असू शकते. निरनिराळ्या पाहण्यांत त्याचे प्रमाण शेकडा ४ पासून १४ पर्यंत आढळले आहे. अंगठ्याखालील बारीक हाड कित्येकांत मुळातच दोन भागांचे असते. याउलट, शंभरात सुमारे एकाच्या पावलात दोन हाडे एकमेकांस जखडलेली असतात; अशा मुलाचे पाऊल वयात येताना ताठर होऊन दुखू शकते.

आता समजा, एका कामगाराच्या पायावर मागाचे जड बीम पडले. पाय सुजला, क्ष-किरण चित्र काढले आणि त्यात हाडाचा एक सुटा तुकडा दिसला. तो तुकडा जन्मापासूनचा की आजच्या अपघाताचा? जन्मापासूनचा असूनही मोडलेला मानला, तर पाय विनाकारण प्लास्टरमध्ये जातो आणि कित्येक आठवड्यांची मजुरी बुडते. मोडलेला असूनही जन्मजात ठरविला, तर उपचार राहून जातो, पायात कायमचे व्यंग येऊ शकते आणि भरपाईचा हक्कही हातचा जातो. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा व १९४८ साली कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला. तेव्हापासून वैद्यकीय अहवालातील एका ओळीवर एखाद्या कुटुंबाची चूल अवलंबून राहू लागली.

हा भेद ओळखण्याच्या खुणा आहेत. जादा हाडाची कड गुळगुळीत असते व तिच्या सभोवार पांढरी रेघ दिसते. ताज्या मोडीची कड तीक्ष्ण, खडबडीत असते आणि फुटलेल्या बशीच्या तुकड्यांप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांत बसतात. अंगठ्याखालील हाड जन्मतः द्विभागी असेल, तर दोन्ही भाग मिळून ते नेहमीच्या अखंड हाडाहून मोठे भरते. वाढत्या मुलांच्या करंगळीकडील लांब हाडाच्या मुळाशी उभी रेघ दिसली तर ती वाढीची. आडवी रेघ मात्र बहुधा मोडीची असते. दुसऱ्या पायाचे चित्र ताडून पाहावे, पण त्यावरच विसंबू नये. कारण जादा हाड कधी कधी एकाच पायात असते.

याहून महत्त्वाची खूण बोटाने शोधावी लागते. दुखते ते नेमके कोठे? चित्रातील रेघ आणि दुखरी जागा जुळते काय? आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. जादा हाड व मूळ हाड यांच्यामधील जोड अपघाताने खरोखरच दुखावू शकतो. तेव्हा ‘हाड जन्मजात आहे’ याचा अर्थ ‘दुखणे खोटे आहे’ असा कोणीही करू नये.

शेवटी, ज्याला आपण सर्वसामान्य पाऊल म्हणतो ते कोणाचे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याकडे उकिडवे बसण्याची रीत आहे. त्या बैठकीने घोट्याच्या हाडांवर ज्या चपट्या खुणा उमटतात, त्यांचा अभ्यास लाहोरच्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९० नंतरच्या दशकात केला आणि इंदरबीर सिंग यांनी १९५९ साली भारतीय हाडांवर त्याची सविस्तर मांडणी केली. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या हाडांत त्या क्वचितच दिसतात. म्हणून त्यांना विकृती म्हणता येणार नाही. वेगळेपणा म्हणजे दोष नव्हे.

माझी विनंती दोहोंनाही आहे. कामगार बंधूंनी पायाची जुनी क्ष-किरण चित्रे जपून ठेवावीत व नव्या दुखापतीच्या वेळी दाखवावीत. जुन्या चित्रासारखा साक्षीदार दुसरा नाही. आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी चित्र पाहण्यापूर्वी पाऊल हातात घेऊन पाहावे.