ऑनलाइन दुकान, पूरक अ‍ॅप आणि छोटा विक्रेता



चेन्नईहून बंगळुरूकडे जाताना श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागते. तामिळनाडूच्या ‘सिपकॉट’ या उद्योग प्रोत्साहन महामंडळाची औद्योगिक वसाहत येथे आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ह्युंदाई मोटर इंडियाने येथे कारखाना उभारला आणि १९९८ मध्ये ‘सँट्रो’ ही तिची पहिली मोटार बाजारात आली. मोटारीचा प्रत्येक भाग मूळ कारखान्यात तयार होत नाही. अनेक सुटे भाग पूरक उद्योगांकडून येतात आणि ठरलेल्या मापामुळे ते अचूक बसतात.

एखादी वस्तू स्वतः करावी की बाहेरून घ्यावी, हे व्यवहार-खर्चावर ठरते, असा विचार अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोज यांनी १९३७ मध्ये मांडला. त्यांना १९९१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. ऑनलाइन दुकानालाही हाच विचार लागू पडतो.

समजा, पादत्राणे बनविणाऱ्या एका लघुउद्योजकाने स्वतःचे ऑनलाइन दुकान उघडले. मूळ प्रणालीत मालाची यादी, खरेदीची टोपली आणि मागणीची नोंद एवढी सोय असते. कुरिअरची जोडणी, वस्तू व सेवा कराचे बीजक, ग्राहकांचे अभिप्राय यांसाठी बहुधा पूरक अ‍ॅप बसवावी लागतात. शॉपिफायने अशा अ‍ॅपची बाजारपेठ २००९ मध्ये सुरू केली. २०११ मध्ये आलेल्या वुकॉमर्सलाही अशीच जोड देता येते. अ‍ॅप बसविण्यास काही मिनिटे पुरतात. त्यामुळे ज्या सुविधांसाठी पूर्वी स्वतंत्र संगणकतज्ज्ञ नेमावा लागे, त्या छोट्या विक्रेत्याच्याही आवाक्यात आल्या.

तथापि, येथे एक मूलभूत फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. सुट्या भागांच्या पुरवठादाराला भागाचा आराखडा मिळतो, मोटार घेणाऱ्यांची यादी मिळत नाही. पूरक अ‍ॅप मात्र बसविताना ग्राहकाचे नाव, पत्ता, भ्रमणध्वनी क्रमांक आणि खरेदीचा तपशील पाहण्याची परवानगी मागू शकते. विक्रेता ‘मान्य’ हे बटण दाबतो, तेव्हा तो दुकानाची किल्लीच दुसऱ्याच्या हाती देत असतो.

याची किंमत तीन प्रकारची असते. पहिली, दरमहाचे शुल्क. पाच-सहा अ‍ॅपचे शुल्क एकत्र केल्यास अल्प नफ्याचा मोठा भाग त्यातच जातो. दुसरी, माहितीच्या गळतीचा धोका. तिसरी, परावलंबन, सारी नोंद एकाच अ‍ॅपमध्ये साठली की ते सोडणे महाग पडते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ या संदर्भात महत्त्वाचा आहे. विक्रेत्याच्या वतीने दुसऱ्या संस्थेने माहितीवर प्रक्रिया केली, तरी अधिनियमाच्या पालनाची जबाबदारी विक्रेत्याचीच राहते. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आहे.

परावलंबनावर उपाय म्हणजे सामायिक मानके. डिसेंबर २०२१ मध्ये स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या जाळ्यात खरेदीदाराचे अ‍ॅप, विक्रेत्याचे अ‍ॅप आणि मालवाहतूक या सेवा वेगवेगळ्या संस्था देऊ शकतात. एका सेवादात्याकडून दुसऱ्याकडे जाणे त्यामुळे सुकर होते.

मात्र मानके विवेकाची जागा घेऊ शकत नाहीत. अ‍ॅप बसविण्यापूर्वी त्याची गरज तपासणे, परवानग्या वाचणे, नोंदींची प्रत राखणे, दुकानाच्या चाचणी-प्रतीवर ते वापरून पाहणे आणि वापरात नसलेले अ‍ॅप काढून टाकणे, ही दक्षता विक्रेत्यानेच घ्यावयाची आहे. कारखान्यात आलेला सुटा भाग तपासणीनंतरच मोटारीला बसविला जातो. तीच शिस्त छोट्या दुकानात रुजली, तर डिजिटल व्यापाराचा लाभ लघुउद्योजकाच्या पदरात पडेल.